जुने मराठी पुस्तक विकिस्रोतावर कसे आणावे

मराठी विकिस्रोत हे स्वयंसेवकांनी भरलेले ग्रंथालय आहे. सर्व्हर विकिमीडिया फाउंडेशन या ना-नफा संस्थेचा, पुस्तके आपली. विकिपीडियावर पुस्तकाविषयी लेख असतो. इथे पुस्तकच असते, पानागणिक. संपादनाची खिडकी उघडली की एका बाजूला टंकलेला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला त्याच छापील पानाचे चित्र दिसते. दोन्ही ताडून पाहायला कोणालाही मोकळीक असते, आणि या कामावरचा सगळा भरवसा त्या ताडण्यावरच उभा आहे.

नवख्यांचा पहिला समज असा, की पीडीएफ चढवली म्हणजे पुस्तक वाचकांना खुले झाले. पण स्कॅनची पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, मोबाइलवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे वाचण्यासारखे काहीच सापडत नाही. स्कॅनिंग एका दिवसात उरकते. खरा वेळ मुद्रितशोधनाला लागतो: साध्या गद्याच्या एका पानाला नवख्या हाताला १० ते १५ मिनिटे धरा. म्हणजे १०० पानांच्या पुस्तकाला सतरा ते पंचवीस तास, आणि तेवढेच काम दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासायचे.

म्हणून पहिले पुस्तक बारीक निवडा. ६० ते १०० पाने, सरळ गद्य, तळटीपा जवळजवळ नाहीत, तक्ते नाहीत. शिळाछाप पोथी, कोश, दोन रकान्यांचे मासिक किंवा पंचांग पहिल्यांदा हातात घेऊ नका. असे अर्धवट सोडलेले ग्रंथ विकिस्रोतावर पुष्कळ आहेत.

आधी हक्क, मग स्कॅनर

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकावर त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, आणि ही साठ वर्षे मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. हिशेब सोपा आहे: मृत्यूच्या सालात ६१ मिळवा, त्या साली १ जानेवारीला पुस्तक मुक्त. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन भारतात १ जानेवारी २०११ ला मुक्त झाले. सावरकर १९६६ साली गेले, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०२७. आचार्य अत्रे १९६९, म्हणजे २०३०. पु. ल. देशपांडे २०००, म्हणजे २०६१. तोवर त्यांची पुस्तके चढवण्याचा विचारही नको. राम गणेश गडकरी, हरी नारायण आपटे, बालकवी, केशवसुत हे केव्हाच मुक्त आहेत.

अपवाद लक्षात ठेवायचे. दोन लेखक असतील तर जो शेवटी गेला त्याचे साल धरा. निनावी किंवा टोपणनावाने छापलेले आणि खरा लेखक उघड न झालेले पुस्तक, लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेले लेखन, सरकारी प्रकाशन: या तिन्हींत ६० वर्षे प्रकाशनापासून. भाषांतर असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक दोघांचे हक्क संपलेले हवेत. चित्रकाराचा हक्कही वेगळा असतो. लेखक १९३० साली गेला, पण आतली चित्रे काढणारा १९८० पर्यंत जगला, तर मजकूर मुक्त आणि चित्रे बंदिस्त.

सगळ्यात जास्त घोटाळा नव्या आवृत्त्यांमध्ये होतो. महात्मा फुले १८९० साली गेले, तेव्हा त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तकांतले शब्द मुक्त आहेत. पण पुढे कोणी त्यांचे संपादित वाङ्मय काढले असेल, तर त्यातली संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि परिशिष्टे त्या संपादकाची. सुरक्षित मार्ग एकच: लेखकाच्या हयातीतली जुनी आवृत्ती शोधा. मुखपृष्ठाच्या मागे ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापलेले आहे म्हणून घाबरू नका. मुदत संपली की त्या ओळीला कायद्यात अर्थ उरत नाही.

आता एक पाचर. स्कॅन ज्या विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे मुक्त फाइलींच्या सामायिक साठ्यावर ठेवायचा, त्याचा नियम असा की फाइल मूळ देशात मुक्त हवी आणि अमेरिकेतही. अमेरिकेने १ जानेवारी १९९६ ला परदेशी पुस्तकांना आपल्याकडचा हक्क बहाल केला, पण त्या दिवशी जी मूळ देशात अजून हक्काखाली होती तेवढ्यांनाच. भारतात १९९१ च्या अखेरपर्यंत मुदत ५० वर्षांची होती. १९४१ साली वारलेल्या रवींद्रनाथांचे हक्क संपायला आले तेव्हा ती ६० वर आली. म्हणून १९४० किंवा त्याआधी गेलेल्या लेखकाचे, त्याच्या हयातीत निघालेले पुस्तक दोन्ही देशांत बिनघोर आहे. लेखक १९४१ साली किंवा त्यानंतर गेला असेल, तर प्रकाशनाचे साल पाहा आणि त्यात ९५ मिळवा. ते वर्ष संपेपर्यंत अमेरिकेत हक्क शिल्लक असू शकतो. १९३५ साली छापलेले साने गुरुजींचे पुस्तक भारतात २०११ पासून मोकळे, पण अमेरिकेच्या हिशेबाने २०३० अखेरपर्यंत अडकलेले. अशा फाइली कॉमन्सवर बरीच वर्षे टिकतातही आणि एखाद्या दिवशी हटतातही. मेहनत करण्याआधी विकिस्रोताच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर विचारा.

लेखक हयात असेल किंवा वारस राजी असतील, तर मुदत संपण्याची वाट पाहायला नको. त्यांनी पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेयनिर्देशन-समवितरण ४.०’ परवान्याखाली जाहीर करायचे. ‘वाणिज्येतर’ हा शब्द असलेला परवाना चालत नाही, ‘बदल करू नये’ असा चालत नाही, आणि ‘विकिपीडियाला वापरण्यास परवानगी आहे’ हे पत्रही चालत नाही. ते पत्र एका संकेतस्थळापुरते असते. इथे परवानगी जगातल्या कोणालाही द्यायची असते, पुस्तक छापून विकणाऱ्यालासुद्धा. ही गोष्ट लेखकाला आधी स्पष्ट सांगा, नंतर वाद नको. परवानगीचा ईमेल लेखकाने स्वतःच्या पत्त्यावरून पाठवायचा; त्याचा ठरलेला मसुदा कॉमन्सवर मिळतो. वारस चार असतील तर चौघांची संमती लागते. आणि प्रकाशकाशी झालेला करार काढून वाचा, कारण कित्येकदा लेखकाने हक्क प्रकाशकाला देऊन टाकलेले असतात आणि हे त्याच्या लक्षातही नसते.

साल नेमके कसे काढायचे

जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे ‘हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे’ अशा अर्थाची ओळ असते. पुस्तके ‘१८६७ साली प्रकाशित’ म्हणून नोंदली जातात ती या ओळीमुळे. ते साल कायद्याचे आहे, पुस्तकाचे नव्हे. पुस्तकाचे साल बहुधा शकात दिलेले असते. शकात ७८ मिळवा. शके १८१० म्हणजे १८८८, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून पौष-माघात छापलेले पुस्तक १८८९ चे निघू शकते. महिना दिला असेल तर तोही टिपून ठेवा.

मुखपृष्ठच फाटले असेल, तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहा. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तके तिच्या पहिल्या खंडात विषयवार लावलेली आहेत, पुढच्या खंडात १९५० पर्यंतची. लेखकाच्या मृत्यूचे साल मिळत नसेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा अर्वाचीन चरित्रकोश आणि मराठी विश्वकोश चाळा. तिथेही नाही मिळाले तर लेखकाच्या इतर पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्या पाहा, नावाआधी ‘कै.’ कधी लागले हे प्रस्तावनेत कळते.

प्रत निवडताना

स्कॅन करण्याआधी तो कोणी आधीच केलेला आहे का, ते शोधा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातली मराठी पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर मोठ्या संख्येने आहेत. राज्य मराठी विकास संस्थेनेही दुर्मीळ ग्रंथांचे स्कॅन खुले केले आहेत. अडचण शोधण्याची आहे: आर्काइव्हवरच्या नोंदींत मराठी नावे रोमन लिपीत, कशीही तोडून लिहिलेली सापडतात, आणि लेखकाच्या जागी प्रकाशकाचे नावही दिसते. एकच नाव चार-पाच स्पेलिंगांनी शोधा, मग फक्त लेखकाच्या आडनावाने शोधा.

स्कॅन सापडला की लगेच हुरळू नका. सगळी पाने एकदा उलटा. गहाळ पान, दोनदा आलेले पान, बोट आलेले पान, शिवणीत गेलेली अक्षरे, हे दोष जुन्या स्कॅनांत नेहमीचे. छापील पुस्तक हातात असेल तर फर्म्याचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीचा, आकडा मदतीला येतो. डेमी किंवा क्राउन अष्टपत्री पुस्तकाचा फर्मा बहुधा १६ पानांचा असतो आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा छापलेला असतो: पान १७ वर २, पान ३३ वर ३. हा क्रम तुटला तर शिवताना फर्मा राहिला आहे किंवा पाने कोणी फाडली आहेत. दुसरी प्रत शोधा. एका पानासाठी पूर्ण पुस्तक नंतर अडते, ते पुढे कळेलच.

स्कॅन

३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरते. तळटीपा बारीक टायपात असतील तर ४००. रंगीत किंवा ग्रेस्केलमध्ये घ्या. शुद्ध काळ्या-पांढऱ्यात घेऊ नका. तसे केले की पिवळ्या कागदावरचे डाग शाईसारखे उमटतात आणि अनुस्वाराचे टिंब मात्र उडून जाते. जुन्या मराठीत ते टिंब गेले की अर्धे काम वाया.

जागेचा अंदाज असा: डेमी पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. ३०० डीपीआयला ते १६५० बाय २५५० पिक्सेल होते. न दाबलेली रंगीत टिफ फाइल साडेबारा एमबीच्या आसपास, ग्रेस्केल तिच्या तिसऱ्या हिश्श्याची. २०० पानांना रंगीत अडीच जीबी धरा.

फ्लॅटबेड स्कॅनरवर जुने पुस्तक उपडे दाबले की कणा तुटतो. १९५० आधीचा बराच कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो आणि घडीवर मोडतो. अशा पुस्तकाला मोबाइल बरा, पण हातात धरून नव्हे. दोन उशा किंवा पुठ्ठ्याचे दोन उतार ठेवून पुस्तक १०० अंशांपर्यंतच उघडा, मोबाइल स्टँडवर पानाच्या बरोबर समांतर लावा, पानावर साधी स्वच्छ काच ठेवा, आणि दोन बाजूंनी ४५ अंशांवर दोन सारखे दिवे. वरचा घरातला दिवा बंद करा, नाहीतर काचेत तोच चमकतो. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एकच पान पूर्ण चौकटभर बसले तर साडेचारशे डीपीआय मिळतात. दोन पाने एकदम घेतली तर साडेतीनशेच्या आसपास, आणि कडेला टेबल दिसू लागले की ३०० च्या खाली. आधी सगळी उजवी पाने घ्या, मग पुस्तक फिरवून सगळी डावी. पान उलटायला बोट ओले करू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. चार-सहा वर्षांत तो कागद खातो. ग्रंथालयाची प्रत असेल तर बांधणी उसवण्याची गोष्टही काढू नका.

कच्ची चित्रे स्कॅन टेलर या मुक्त प्रणालीतून काढा: पाने वेगळी करणे, तिरपे सरळ करणे, समास सारखे करणे हे सगळे त्यात होते. मजकुराची चौकट ती आपोआप आखते, पण पानाचा आकडा आणि फर्म्याचा आकडा तिच्यातून निसटतो. प्रत्येक पानाची चौकट एकदा डोळ्यांखालून घाला. फाइलींची नावे ०००१ पासून चार आकड्यांत द्या. १, २, १० अशी दिली तर संगणक १० नंतर २ लावतो आणि पुस्तकाची पाने विस्कटतात.

चढवणे

मूळ चित्रे आणि पीडीएफ दोन्ही इंटरनेट आर्काइव्हवर ठेवा; १९९६ पासून चालू असलेली हीसुद्धा ना-नफा संस्था आहे. नोंदीत भाषा मराठी निवडा, नाहीतर तिथली अक्षरओळख, म्हणजे चित्रातली अक्षरे वाचून मजकूर काढणारी यंत्रणा, पुस्तक भलत्याच भाषेचे समजून चालते. तिथून ‘आयए अपलोड’ या साधनाने फाइल थेट कॉमन्सवर जाते. स्वतः कॉमन्सवर चढवत असाल तर साध्या फॉर्मला १०० एमबीची मर्यादा आहे. मोठी फाइल अपलोड विझार्डने तुकड्यांत जाते.

फाइलीचे नाव देवनागरीत, पुस्तकाच्या नावाने द्या. ‘स्कॅन नवीन २’ असे नाव दिले तर तेच पुढे प्रत्येक पानाच्या पत्त्यात अडकून बसते. माहितीसाठी कॉमन्सचा ‘बुक’ साचा, म्हणजे भरायच्या रकान्यांचा तयार नमुना वापरा: लेखक, प्रकाशक, मुद्रणालय, गाव, साल, आवृत्ती. परवान्याचे साचे दोन लागतात, एक भारतासाठी आणि एक अमेरिकेसाठी. दुसरा विसरल्यामुळे कित्येक मराठी फाइलींवर हटवण्याची सूचना लागते.

अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे

आता मराठी विकिस्रोतावर ‘अनुक्रमणिका:’ हा उपसर्ग लावून, पुढे फाइलीचे नाव जसेच्या तसे लिहून पान तयार करा. सगळ्या पानांची चौकोनी जाळी तयार होते. इथे ‘पेजलिस्ट’ नावाची एक ओळ भरावी लागते, आणि घाई केली की नेमकी तिथेच चूक होते. पीडीएफचे पहिले पान म्हणजे मुखपृष्ठ. पुस्तकाचे छापील पान १ हे पीडीएफच्या तेराव्या जागी असू शकते. प्रस्तावनेला वेगळे आकडे असतात. पान ४८ नंतर आकडा नसलेले चित्रपृष्ठ आले की तिथून पुढचे सगळे एकाने सरकते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला छापील आकडा आणि जाळीतला आकडा जुळतो का, ते बघा.

हे आधीच का करायचे? समजा ७० पाने शोधून झाल्यावर कळले की पान २३ स्कॅनमध्येच नाही. नवी फाइल चढवली की चित्रे एकाने पुढे जातात, पण टंकलेला मजकूर जुन्याच जागी राहतो. मग पान २४ च्या चित्रासमोर पान २५ चा मजकूर. ते एकेक पान हलवून नीट करण्यात प्रचालकांचा दिवस जातो.

मुद्रितशोधन

जाळीतले लाल आकड्याचे, म्हणजे अजून कोणी न लिहिलेले पान उघडा. मजकूर उतरवून देणारे अक्षरओळखीचे बटन साधनपट्टीवर असते. त्यात टेसरॅक्ट, गुगल असे पर्याय मिळतात. मराठीसाठी गुगलचा निकाल बहुतेक वेळा सरस येतो. दोन रकाने असतील तर यंत्र आडव्या ओळी वाचून दोन्ही रकान्यांची खिचडी करते. तेव्हा प्रगत पर्यायात जाऊन एकेक रकान्याची चौकट आखा.

यापुढे एकच नियम: पानावर जे छापले आहे तेच लिहायचे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीची मराठी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’, ‘गांव’, ‘पांच’, ‘करितां’ अशी असते. अक्षरओळखीत ही टिंबे हटकून गळतात, आणि आपल्या डोळ्यालाही ती न दिसण्याची सवय असते. ‘शुद्ध’ करून देण्याचा मोह पांढरपेशा माणसाला फार होतो. तो आवरा. जुन्या लेखनातले टिंब उच्चार, लिंग, वचन सांगते. भाषेचा अभ्यास करणारा त्यासाठीच इथे येतो. ‘नाही’ शोधून सगळीकडे ‘नाहीं’ घालणारी घाऊक दुरुस्तीही नको, कारण खिळे जुळवणाऱ्याने त्याच पुस्तकात दोन्ही रूपे वापरलेली असतात.

अक्षरांच्या ठरलेल्या चुका पाठ करून ठेवा: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष, ‘ख’ च्या जागी ‘रव’. नजर चटकन पुढे सरकते ती अशा ठिकाणी, जिथे चुकीचा शब्दही मराठीच असतो: ‘मर’ च्या जागी ‘भर’, ‘वाट’ च्या जागी ‘बाट’. म्हणून शब्द नव्हे, वाक्य वाचा. मोठ्याने वाचले तर आणखी चांगले.

रफाराचे प्रकरण वेगळे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. यंत्र दोन्हींना एकच करून टाकते. ‘दऱ्या’ मधला अर्धा र टंकताना खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग पुढचे अक्षर, असा क्रम घ्या. काही जुने कळफलक साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून तसाच आकार काढतात, पण शोधताना तो शब्द मग सापडत नाही. ‘दुःख’ मधल्या विसर्गाचेही तसेच: यंत्र तिथे विरामचिन्हातला अपूर्णविराम टाकते, डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो.

ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडून घ्या, मधली आडवी रेघ काढा. ओळीच्या सुरुवातीला चुकून रिकामी जागा राहिली तर विकी त्या ओळीभोवती करडी चौकट काढते. सुरुवातीला तारा आला तर गोळा उमटतो. जुन्या पुस्तकांत तळटीपेची खूण तारांकितच असते, त्यामुळे हे हमखास घडते. तळटीप पानाच्या तळाशी टंकायची नसते. मजकुरात जिथे तारा आहे तिथेच ‘रेफ’ खुणांच्या आत घालायची. पानाच्या वरचा पुस्तकाचा मथळा आणि आकडा शीर्षखान्यात, फर्म्याचा आकडा तळखान्यात; मूळ मजकुरात दोन्ही नकोत, नाहीतर शेवटी जोडलेल्या प्रकरणात वाक्याच्या मध्येच ‘५७’ उगवतो. कविता ‘पोएम’ खुणांत ठेवा, म्हणजे ओळी ओळीच राहतात. परिच्छेद नेमका पानाच्या शेवटी संपत असेल तर तिथे ‘नॉप’ हा रिकामा साचा टाका. तो नसेल तर पुढचा परिच्छेद याला येऊन चिकटतो.

छपाईतली उघड चूक, उदाहरणार्थ उलटा खिळा, तशीच ठेवून ‘सिक’ साच्यात खूण करा. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असेल तर तेही पान म्हणून जसेच्या तसे उतरवा.

जतन करताना पानाची अवस्था निवडायची असते. नुसता यंत्राचा मजकूर असेल तर लाल. शब्दन् शब्द ताडून झाला की पिवळा. फाटलेले, न वाचता येणारे किंवा चित्र घालायचे राहिलेले पान निळ्यावर ठेवा आणि चर्चापानावर कारण लिहा. हिरवा तुम्हाला स्वतःच्या पानाला देताच येत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी पुन्हा ताडून द्यायचा असतो. हे दुसरे वाचन घरबसल्या होते, त्यामुळे पुण्यातल्या माणसाने पिवळे केलेले पान न्यू जर्सीतल्या कोणीतरी रात्री हिरवे करावे, यात काही अडचण नाही. दहा पाने यंत्राने भरून लाल ठेवण्यापेक्षा दोन पाने पिवळी करा.

डीटीपीची फाइल मिळाली तर

हयात लेखक कधी पेजमेकरची फाइल देतात आणि टंकनाचे काम वाचले असे वाटते. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असतो. तो युनिकोडमध्ये बदलावा लागतो. बदलताना ऱ्हस्व वेलांटी एका अक्षराने सरकते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षरे फुटतात. शिवाय ती फाइल शेवटच्या प्रुफाआधीची निघण्याची दाट शक्यता. छापील पानाशी ताडणे इथेही सुटत नाही.

कार्यशाळा घेत असाल तर

२७ फेब्रुवारीच्या आसपास महाविद्यालयांत अशा कार्यशाळा बऱ्याच होतात आणि बऱ्याच पहिल्या अर्ध्या तासातच अडकतात. एका इंटरनेट पत्त्यावरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात; सातवा विद्यार्थी बाहेर राहतो. खाती आदल्या दिवशी घरून उघडायला सांगा. २० जणांना एकच पुस्तक द्या आणि पाने आधीच वाटून द्या, नाहीतर सगळे पान १ वरच तुटून पडतात.

जोडणी

सगळी पाने निदान पिवळी झाली की मुख्य नामविश्वात, म्हणजे पुढे कुठलाही उपसर्ग न लावता, पुस्तकाच्या नावाने पान करा आणि प्रत्येक प्रकरणाला त्याचे उपपान. मजकूर पुन्हा चिकटवायचा नसतो. ‘पेजेस’ खुणेत अनुक्रमणिकेचे नाव आणि कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, एवढेच द्यायचे. इथे आकडे पीडीएफचे द्यायचे, छापील नव्हेत. एखादे प्रकरण मध्येच सुरू होत असेल तर त्या पानाचे विभाग पाडून हवा तेवढाच भाग ओढता येतो. साहित्यिकाच्या पानावर पुस्तकाची ओळ घाला, विकिडेटा या विकिमीडियाच्या माहितीसाठ्यावर आवृत्तीची नोंद करा.

मग पुस्तक ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात उतरवून मोबाइलवर उघडा आणि प्रकरणांचे सांधे तेवढे वाचा. दोन परिच्छेद चिकटलेले दिसले तर ‘नॉप’ राहिला आहे. वाक्यात आकडा आला तर कुठल्यातरी पानाचा मथळा शीर्षखान्याबाहेर आहे. प्रकरण अचानक संपले तर ‘पेजेस’ मधला शेवटचा आकडा एकाने कमी पडला आहे. पानापानांवर परत जाऊन हे दुरुस्त करा, आणि ज्या ग्रंथालयाने प्रत दिली त्यांना दुवा आणि मूळ स्कॅनची एक प्रत पोचती करा.